फायब्रिनोजेनच्या जागची रेघ

रुक्कू,

काल सकाळी टी. नरसीपूरच्या संगमावर तुझ्या अस्थी सोडून आलो. तुझा भाऊ म्हणून पांडू गुडघाभर पाण्यात उतरला होता, गुरुजी काठावरून मंत्र सांगत होते, आणि मला अचानक तुझा राग आला. तू ठरल्या वेळेला कधी यायची नाहीस, तेव्हा यायचा तसाच. वाटलं, आता ही मागून येणार, चपला हातात घेऊन, आणि म्हणणार, "अय्यो, सुरू पण केलं काय? स्वल्प थांबायचं की!" तू आली नाहीस. मी रडले, पण रडतानाही थोडी चिडलेलीच होते.

आदल्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. तुझा कुठलातरी गंभीर फोटो लावला होता, मला तो ओळखूच येईना. भाषणं झाली. तुझे शोधनिबंध, तुझे विद्यार्थी, जखमांवरच्या उपचारातलं तुझं योगदान. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. तू दुसऱ्यांच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायचीस हे कुणी बोललं नाही. हातमोजे काढलेस की ते फुंकून त्यांचे फुगे करायचीस, हेही नाही. मला बोलायला उभं केलं. "रुक्मिणी माझी मैत्रीण होती," एवढं म्हणाले आणि खाली बसले. मला जे बोलायचं होतं ते त्या लोकांशी नव्हतंच. म्हणून आता तुझ्याशी बोलत बसलेय. घरी हे दोनदा डोकावून गेले, जेवायचं आहे का विचारायला. नको म्हटलं.

हे मी पांडूला वाचून दाखवणार आहे, म्हणून आपल्या कामाचं जरा सोपं करून लिहिते. तू हसू नकोस.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी नुकतीच मिरजेहून यांच्या बदलीमागे म्हैसूरला आले होते. पॅथॉलॉजीत नोकरी मिळाली होती, भाषा येत नव्हती, आणि कॅन्टीनमध्ये सांबारात गूळ लागला म्हणून मी स्वतःशीच मराठीत कुरकुरत होते. तू पलीकडच्या टेबलावरून ताट उचलून थेट माझ्यासमोर आलीस. "तू मराठी? नोड, आम्ही पण मराठीच! आमच्या घरात सगळे मराठीच मातडतात." 'बघ'च्या जागी नोड आणि 'बोलतात'च्या जागी मातडतात ऐकून मला हसू फुटलं. तुझ्या कपाळावर आठ्या आल्या. "हसतेस काय? तुझी मराठी पुस्तकातली. आमची घरातली." तुझे पणजोबा की खापरपणजोबा कपडे शिवायला इकडे आले आणि इथलेच झाले. घरात विठ्ठल, एकादशीला भजन, बोलण्यात निम्मी कन्नड. मी तुझी मराठी दुरुस्त करायला गेले की तू ती मुद्दाम आणखी बिघडवायचीस. पुढे पुढे मीच घरी 'पुरे, नको'च्या जागी "साकु, बेडा" म्हणायला लागले आणि यांनी कपाळाला हात लावला.

तुझे वडील शिंपी, त्यामुळे तुला सगळं शिवणातच दिसायचं. जखमेवर रक्त साकळतं ते फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनामुळे. एरवी ते रक्तात विरघळलेलं फिरत असतं, जखम झाली की त्याचे धागे होतात आणि त्या धाग्यांची जाळी भोक बुजवते. हे पुस्तकात आहेच. तू मुलांना वेगळं सांगायचीस. म्हणायचीस, "आमचे अप्पा मशीनवर शिवण घालण्याआधी कच्चा दोरा घालायचे. कापड जागेवर राहायला. पक्की शिवण झाली की तो उसवून टाकायचा. फायब्रिन म्हणजे शरीराचा कच्चा दोरा. खाली नवीन मांस येईपर्यंत धरून ठेवायचं, मग निघून जायचं. अष्टे, एवढंच." मुलं ते कधी विसरली नाहीत. परीक्षेत 'कच्चा दोरा' असं लिहिणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि तू त्यांना पूर्ण मार्क दिलेस म्हणून तुझ्याशी भांडलेही आहे.

तू आयुष्यभर त्या कच्च्या दोऱ्यामागे लागलीस. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची जखम भरत नाही, तर त्याच्याच रक्तातलं फायब्रिनोजेन वेगळं काढून, त्याचा घट्टसर लेप करून जखमेवर बसवायचा. परवानग्या मिळवताना तू मेटाकुटीला आलीस. पण तुझं काम डोळ्यांना दिसायचं. टी. नरसीपूरकडची गौरम्मा आठवते? रेशमाच्या कोषांचं सूत काढायला जायची, टाचेला ही एवढी जखम. तू दर आठवड्याला तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचीस. जखम भरली तेव्हा तिने पोतंभर अवरेकाळू, म्हणजे वालाच्या शेंगा, आणल्या आणि तू अख्ख्या लॅबला शेंगा सोलायला बसवलंस. सेंट्रिफ्यूजशेजारी टरफलांचा ढीग. मी आत आले आणि अशी ओरडले की बाहेरचा शिपाई धावत आला. तू मान खाली घालून सोलत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "ओरडून झालं की तू पण घे चार." 

सगळ्यांच्या जखमा भरल्या नाहीत. एकाचा पाय शेवटी काढावाच लागला, त्या दिवशी तू कुणाच्याच डब्यात हात घातला नाहीस. मी माझा डबा तुझ्याजवळ सरकवून ठेवला होता. तसाच घरी नेला.

माझं काम उलट्या टोकाचं. तू बरं करणारी, मी शोधून काढणारी. रक्त गोठू द्यायचं, वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम, त्याचा थेंब जेलच्या पातळ थरावर ठेवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रथिनं आपापल्या वेगाने पळतात. मग रंग दिला की रेघा दिसतात. निरोगी माणसाचं चित्र आपल्याला पाठ असतं, शेवटी शेवटी तर पसरट, धूसर ढग असतो. त्या ढगात एखादी धारदार रेघ दिसली, तर रक्तातल्या एकाच जातीच्या पेशी माजून एकच प्रथिन बनवत सुटल्या आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्याचं पुढे काहीच होत नाही. काहींना मात्र काही वर्षांनी हाडांच्या मज्जेतला कॅन्सर होतो. कुणाला होईल हे सांगता येत नाही, आणि तोवर औषधही देत नाहीत. फक्त लक्ष ठेवायचं. त्या रेघा शोधण्यात माझं आयुष्य गेलं.

जेलवर पेशंटच्या शेजारी एक निरोगी रक्त लागतं, तुलनेला. बाहेरून कुठून आणणार? म्हणून आपल्याकडे ती पद्धत पडली. सोमवारी आळीपाळीने कुणीतरी हात पुढे करायचा, आणि ज्याचं रक्त घेतलं त्याला इतरांनी कॉफी आणि मद्दूर वडा द्यायचा. तुझी पाळी तू कधी चुकवली नाहीस, वड्यासाठी.

अशाच एका सोमवारी तुझ्या ओळीत रेघ आली. ढगाच्या अलीकडे, धारदार, काळी. मी बघितली, तू बघितलीस, आणि आपण दोघी हसलो. कारण बरोबर त्याच जागी फायब्रिनोजेन येतं. गोठलेल्या रक्तात ते उरत नाही. पण निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, त्या नळीतलं रक्त लावलं तर ते तसंच राहतं आणि जेलवर रेघ उमटते. तुझ्या लॅबमध्ये सगळीकडे निळी टोपणंच. मला लाल टोपणाची नळी हवी असायची आणि तू याआधीही निळी दिली होतीस. "परत चुकीची नळी दिलीस ना!" मी ओरडले. तू जेल उजेडाकडे धरून म्हणालीस, "काय सुंदर आलंय बघ माझं फायब्रिनोजेन. एवढी जखम झाली तरी मी मरणार नाही." दुसरी कुठली लॅब असती तर कुणीतरी थबकलं असतं. तुला ओळखणाऱ्या आम्हाला शंकासुद्धा आली नाही. ती ओळ सोडून दिली आणि वडे खाल्ले.

पुढच्या खेपेपासून तू यादीतून नाव काढायला लावलंस. हिमोग्लोबिन कमी आलंय, म्हणालीस. मी तुला पालक खायला सांगितलं.

त्यानंतर कधीतरी ती नंजनगूडची शिक्षिका आली. वेगळ्याच तपासणीला आली होती आणि रेघ सापडली. मी तिला समोर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. सांगण्यात मला कधीच आडपडदा आवडला नाही. ती गेली आणि तू आत आलीस, कॉफीचे दोन पेले घेऊन. दारातच ती तुला भेटली असणार.

"तू तिला काय दिलंस, मालू?"

"माहिती."

"आणि औषध?"

"आत्ता लागत नाही. कदाचित कधीच लागणार नाही. लक्ष ठेवायचं."

"म्हणजे रोज सकाळी उठायचं आणि स्वतःवर पहारा करत बसायचं. आली तेव्हा बरी बाई होती. तू तिला आजारी करून घरी पाठवलंस."

मी उसळले. म्हटलं, आजार मी नाही दिला, मी फक्त दाखवला. उद्या हाड मोडून, किडनी बिघडून आली असती म्हणजे बरं झालं असतं का? आणि न सांगणारे आपण कोण? शिकलीसवरलेली बाई, तिच्या रक्तात काय आहे ते तिला कळायला नको? तू कधी नव्हे ती आवाज चढवून म्हणालीस, "रक्तात काय आहे ते कळतं गं, पण ते घेऊन घरी कसं राहायचं ते तुझ्या जेलवर येतं का?" आपण नेहमीच भांडायचो. त्या दिवशी कॉफी सांडली.

मग तू शांतपणे विचारलंस, "तुझ्या जवळच्या माणसाचं असलं तर?"

"तर मला सगळ्यात आधी कळायला हवं," मी म्हटलं. काय ठसक्यात म्हटलं!

"होगली बिडु," म्हणालीस, जाऊ दे. आणि फडकं आणून टेबल पुसलंस.

तेव्हा तुला माहीत होतं, रुक्कू. तू त्या बाईच्या बाजूने भांडत नव्हतीस. मी समोर बसून माझ्या तत्त्वाचे धडे देत होते, आणि ज्याला देत होते ते माणूस माझ्यासाठी कॉफी घेऊन आलं होतं.

मला कळलं ते बेट्टदपुरच्या डोंगरावर. शिवरात्रीनंतरचा रविवार. पांडूच्या घरच्यांबरोबर आपण गेलो होतो, मुलं पुढे पळत होती, पांडूची बायको सुधा पदर खोचून त्यांच्या मागे. निम्म्या पायऱ्यांवर तू बसलीस. बरगडीत दुखतंय म्हणालीस. मी म्हटलं, सकाळी इतकी इडली कोण खातं, गॅस असेल. तू पाणी प्यालीस, बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलंस.

"गॅस नाही. मालू, ती रेघ फायब्रिनोजेनची नव्हती."

कुठली रेघ, हे मला आधी कळेचना. मग कळलं. मी तुझ्या शेजारी बसले. तू सांगत होतीस. त्याच आठवड्यात मी मिरजेला गेले होते, तेव्हा तू लाल टोपणाच्या नळीत रक्त घेतलंस, गोठू दिलंस, आणि माझ्याच जेलवर, माझ्याच टेबलावर लावलंस. रेघ तिथेच होती. मग बेंगळूरुच्या डॉक्टरांकडे जायला लागलीस, दर सहा महिन्यांनी, मला परिषद आहे, परीक्षा आहे असं सांगून. इतकी वर्षं सगळं जिथल्या तिथे होतं. आता हललं होतं, हाडांत उतरलं होतं.

"आणि मला नाही सांगितलंस."

"नाही."

"मला? रोज जेलवर तेच शोधत बसणाऱ्या बाईला? का?"

"ओरडू नको, देवळाच्या पायऱ्या आहेत. वरून खाली आल्यावर सांगते."

तू वर गेलीच नाहीस. मीही नाही. मुलं अंगारा घेऊन खाली आली, आपण दोघींनी लावून घेतला आणि गाडीत बसलो. मी म्हैसूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. तू मागच्या सीटवर मुलांना गोष्ट सांगत होतीस, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये, आणि ती हसत होती. 'का'चं उत्तर राहिलं ते राहिलंच.

औषधांनी साथ दिली, मग देईनाशी झाली. ते दिवस मला लिहायचे नाहीत. फक्त एक दुपार लिहिते. तू खाटेवर बसली होतीस, सुधाने वेणी घालून दिली होती, विरळ झालेली, पण तिच्यात मोगरा. मी विचारलं. हट्टाने विचारलं, कारण नंतर विचारता येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. "इतक्या आधी कळलं त्याचा तुला उपयोग झाला का? हो की नाही, एवढंच सांग."

तू डोळे बारीक केलेस. "तुला जिंकायचंय, अल्वा? हो ना?"

"हो."

"मग नाही सांगत."

आणि हसलीस. हसताना बरगडी दुखली म्हणून हात दाबून धरलास, तरी हसतच राहिलीस. मी तुला दुष्ट म्हटलं. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर तू जास्त वेळ झोपूनच असायचीस, आणि झोपलेल्या माणसाशी कोण भांडणार?

मनात मी आपली बाजू रोज मांडत होते. कधी वाटायचं, मीच बरोबर. तुला वेळेवर कळलं म्हणून वेळेवर औषध सुरू झालं, चांगले महिने मिळाले. कधी वाटायचं, नाही. तितकी वर्षं तू रात्रंदिवस ते ओझं वागवलंस, आणि ते ओझं माझ्याच जेलने तुझ्या पदरात टाकलं. माझ्या सगळ्या कामाचा अर्थ एका बाईच्या हो-नाहीवर टांगून ठेवलास आणि निघून गेलीस. कुणी असं करतं का?

काल संगमावरून परतताना पांडूने रस्त्याकडेच्या एका हॉटेलपाशी गाडी थांबवायला लावली. मला काही नको होतं. त्याने ऐकलं नाही, वडे आणि कॉफी मागवली. तो तुझा भाऊ शोभतो, रडून डोळे सुजलेले आणि तरी आधी खायचं. बराच वेळ बशीत चटणी फिरवत बसला. मग म्हणाला, "मालतीअक्का, एक सांगू? कोपा येईल तुम्हाला."

"येऊ दे."

"आम्हाला पहिल्यापासून गोत्तित्तु, माहीत होतं. अक्काने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला आणि सुधाला."

राग आलाच. पण आधी दुखलं. तुझ्या भावाला सांगितलंस, त्याच्या बायकोला सांगितलंस, आणि मला नाही.

पांडू सांगत होता. "आम्ही काय केलं, तिला जपायला लागलो. जड उचलू नको, उन्हात जाऊ नको. सुधा तिच्या ताटात तूप वाढायची आणि मग तिच्या तोंडाकडे बघत बसायची. मुलांना सांगितलं होतं, अत्तेला त्रास देऊ नका. मुलं तिच्याशी भांडेनाशी झाली. एक दिवस अक्काने ताट सरकवलं. म्हणाली, मी अजून मेले नाही आणि तुम्ही माझं सुतक धरलंय. आणि मालूला कुणी सांगितलं तर बघा. तिला माझ्यावर ओरडू दे. तेवढी एक तरी राहू दे मला."

वडा माझ्या हातात तसाच राहिला. पांडूने कागदी रुमाल पुढे केला, मी तो घेतला नाही, पदरानेच डोळे पुसले.

काल बन्नीमंटपाला तुमच्या घरी पांडूला सोडून मी एकटीच गाडीत बसून होते. एकेक आठवत होतं. सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडं ठेवलंस म्हणून ओरडले होते. दसऱ्यातल्या पंजिन कवायतीचे, त्या मशालींच्या खेळाचे, पास हरवलेस तेव्हा तर मशालींचा उजेड भिंतीवरून दिसत होता आणि आपण फाटकाबाहेर उभ्या, तेव्हा भर गर्दीत ओरडले होते. परीक्षेच्या मार्कांवरून, उशिरा येण्यावरून, माझी चांगली कात्री कागद कापायला घेतलीस त्यावरून. तू ऐकून घ्यायचीस. चेहऱ्यावर एक विचित्र समाधान असायचं, मला वाटायचं, काय कोडगी बाई आहे. मग दारापर्यंत जाऊन वळायचीस आणि म्हणायचीस, "आय्तु? झालं ना? चल, जेवूया."

मला सांगितलं असतंस तर मी एकदाही ओरडले नसते. मला मी माहीत आहे. तुझ्या मागे खुर्ची घेऊन फिरले असते, दर महिन्याला तुझं रक्त मागितलं असतं, तुझ्या चेहऱ्यावर रेघ शोधली असती. ती सगळी वर्षं मी आज पुन्हा आठवून पाहिली आणि त्यात कुठेही तू आजारी नाहीस. माझ्या आठवणीत तू शेंगा सोलतेस, लोणचं पळवतेस, माझी मराठी पुस्तकी म्हणून वेडावतेस. एवढी धडधाकट मैत्रीण तू मला देऊन गेलीस. त्यासाठी तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही.

आणि तरीही मला सांगायला हवं होतंस. बेंगळूरुला जाताना बसमध्ये तुझ्या शेजारी कुणी नसायचं. निकालाचा कागद हातात घेऊन तू एकटी स्टँडवर उभी राहिली असशील आणि त्याच संध्याकाळी मला फोन करून विचारलं असशील, मालू, काय केलंस आज जेवायला? हे मला सहन होत नाही. मला तिथे यायचं होतं. मी ओरडले नसते तर तुला आवडलं नसतं, कबूल. मी तरीही आले असते.

आज सकाळी कामावर गेले. घरी बसून काय करणार? पहिल्याच जेलवर रेघ होती. लाल टोपणाची नळी, मी स्वतः पाहिली. दुपारी ती बाई आली, पन्नाशीची, बँकेत काम करणारी, छत्री मांडीवर आडवी धरून बसली. मी तिला सगळं सांगितलं. ते मी सांगणारच, रुक्कू, त्याबद्दल मी अजून तुझं ऐकलेलं नाही. पण या वेळी हळू सांगितलं, आणि मधे मधे थांबले. ती रडली नाही. तिने कन्नडमध्ये एकच विचारलं, घरी सांगू का?

आजवर मी याला एकच उत्तर देत आले. सगळ्यांना सांगा, लपवू नका, आधार होतो. ते उत्तर ओठांवर आलंही.

"घरी सांगा," मी म्हटलं. "पण एक माणूस बाजूला ठेवा. ज्याच्याशी तुमचं रोज भांडण होतं, असं कुणी आहे?"

ती चपापली. मग जरा हसली. "माझी बहीण आहे. पलीकडच्याच गल्लीत राहते."

"तिला सांगू नका."

डॉक्टर असं कसं बोलते, असं तिला वाटलं असणार. छत्रीची मूठ फिरवत तिने विचारलं, "नंतर कळल्यावर तिला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल," मी म्हटलं. "फार वाटेल. तरी सांगू नका."